भूकंपानं घडवलं की मामांनी?

प्रश्न: मी उमरगा तालुक्यातला. १९९३च्या भूकंपात आई आणि धाकटी बहीण गेली, घर गेलं. तेव्हा मी नववीत होतो. मामांनी त्यांच्या गावी नेलं. पुढे डी.एड. केलं, आज जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. मी जो काही आहे तो त्या संकटामुळे, असं मी मानतो. मुलगा अकरावीला आहे. नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहतो. दिवाळीनंतर रोज रात्री फोनवर रडतो, जेवण जात नाही म्हणतो, घरी न्या म्हणतो. त्याची आई म्हणते, आणू या. मला वाटतं, सोसल्याशिवाय पोरगा पक्का होणार नाही. संकटानं माणूस मजबूत होतो, हे खरं की खोटं?

उत्तर:

सर, मुलाचं आधी सांगते, कारण त्यात थांबण्यासारखं काही नाही. या शनिवारीच लातूरला जा. हे फोनवर सुटणारं नाही. तिथं जाऊन काय करायचं ते शेवटी लिहिलंय. घाई असेल तर तेवढंच वाचून निघा, बाकीचं एस्टीत वाचता येईल.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यात भूकंपावर दीड पान आहे, त्यानंतरच्या कष्टांवर एक पान आहे, आणि मामांवर एक वाक्य आहे: ‘मामांनी त्यांच्या गावी नेलं.’ मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वाक्यापाशी थांबले.

मी तेव्हा मानसोपचार शिकत होते. भूकंपानंतर तिसऱ्या आठवड्यात आमची तुकडी किल्लारी-सास्तूर भागात आली. ३० सप्टेंबरच्या पहाटेचं तुम्हाला मी काय सांगणार? आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते आणि चार वाजायच्या आत सगळं संपलं होतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला, तीच अंगावर आली. आठ ते दहा हजार माणसं गेली. आम्ही पोचलो तेव्हा पत्र्याच्या शेडांत कुणी रडतसुद्धा नव्हतं. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की अख्खं शेड उठून बाहेर पळायचं. पुढं पक्की घरं मिळाली, तरी कितीतरी कुटुंबं स्लॅबखाली निजायला तयार नव्हती. अंगणात पत्रे ठोकून तिथंच झोपायची.

त्या शेडांतल्या दोन लेकरांना मी पुढं तीस वर्षं पाहत आले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. दोघंही तुमच्याच वयाची, दोघांचेही आईवडील गेलेले.

मुलीला तिच्या आत्यानं नेलं. आत्याची स्वतःची चार पोरं, कोरडवाहू तीन एकर. पण ती बाई पहिलं वर्षभर रोज रात्री या पोरीचं मनगट धरून निजली. पोर दचकून उठली की आत्याही उठायची, दोघी अंगणात जाऊन बसायच्या, आत्या तिला एखादं काम सांगायची – शेंगा फोड, वाती वळ. ती मुलगी आज अंगणवाडी सेविका आहे. भागात तिच्या शब्दाला मान आहे. आजही ती आतून कडी लावून झोपू शकत नाही.

मुलगा आधी आजीकडे होता. वर्षाच्या आत आजी गेली. मग मिळालेल्या मदतीच्या पैशावरून भावकीत वाद झाला आणि तो तीन घरांत फिरला. पैसे संपले तसं प्रत्येक घर त्याला जड झालं. नववीत शाळा सुटली, पुण्याला बांधकामावर गेला, सतराव्या वर्षी दारू लागली. आज तो माझ्याकडे येतो तेव्हा पोटात पाणी भरलेलं असतं. एकदा वॉर्डात कुणीतरी टीव्हीवर एका यशस्वी माणसाची मुलाखत लावली होती, ‘संकटांनीच मला घडवलं’ असं काहीतरी चाललं होतं. हा माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, माझ्यात काय कमी होतं?”

त्याच्यात काही कमी नव्हतं. मी त्याला तेरा वर्षांचा असताना पाहिलंय. शेडातल्या लहान पोरांना रांगेत उभं करून तो दूध वाटायचा. भूकंप तोच होता, वय तेच होतं, हुशारी तर याचीच जास्त होती. एकीला मनगट धरणारा हात मिळाला, दुसऱ्याला नाही.

हे फक्त माझ्या दोन पेशंटवरून सांगत नाही. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही दशकं पाठपुरावा केला. ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा आजार असं एकावर एक आलं होतं, त्यांतल्या तिघांपैकी साधारण एक मूल चांगलं उभं राहिलं. दोघांना शिकताना, वागताना किंवा मनानं अडचणी आल्या. उभ्या राहिलेल्यांच्या आयुष्यात वर्नरबाईंना पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली: आईबाप कमी पडले तिथं दुसरं कुणीतरी जीव लावणारं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारीण. आणखी एक गोष्ट मला फार धीर देते. विशीत कोलमडलेल्यांपैकी पुष्कळ जण तिशीत सावरले. कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला समजूतदार जोडीदार. म्हणून त्या वॉर्डातल्या माणसावर मी अजून पाणी सोडलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मदत बऱ्याच जणांना मिळते, तरी काही जण उभे राहतात आणि काही नाही. बरोबर आहे. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या हातात काही होतं का. १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो आज वाचतानाही त्रास होतो, पण त्यातून कळलं ते महत्त्वाचं आहे. दोन कुत्र्यांना विजेचे सारखेच झटके. एकाला समोरची फळी दाबून झटका बंद करता यायचा, दुसऱ्यानं काही केलं तरी फरक पडायचा नाही. पुढं दोघांनाही सहज उडी मारून सुटता येईल अशा जागी ठेवलं. पहिला उडी मारून पलीकडे गेला. दुसऱ्या गटातली बरीच कुत्री पडून राहिली. त्यांना वाट दिसतच नव्हती. वेदना दोघांची सारखीच होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आम्ही तेव्हा उलटं समजलो होतो. हतबलता शिकावी लागत नाही, फार मारा झाला की मेंदू आपसूक तिकडेच जातो. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: मी काही केलं तर फरक पडतो.

शेडातली ती आत्या कधी शाळेची पायरी चढली नव्हती. पण अर्ध्या रात्री दचकून उठलेल्या पोरीच्या हातात ती शेंगा द्यायची, ते याचसाठी.

आता शरीराचं सांगते, कारण ‘सोसलं म्हणून काटक झाला’ असं आपल्याकडे शरीराबद्दलच जास्त बोलतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. या आया शेतात राबणाऱ्या, अंगानं बारीक. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं दिसायला किडकिडीत, पण त्यांनी चरबी मात्र राखून ठेवलेली आणि स्नायू कमी. आईच्या पोटात टंचाई होती, म्हणून शरीरानं टंचाईची तयारी केली. पुढं त्याच लेकराला बऱ्यापैकी खायला मिळू लागलं की तीच तयारी अंगावर येते आणि मधुमेहाचा धोका वाढतो. टंचाईत तगून राहायला जे उपयोगी पडलं, त्याची किंमत चाळिशीत मोजावी लागते. आपल्या भागात चाळिशीतल्या बारीक माणसालाही साखर निघते, ती पाहताना मला नेहमी हे आठवतं.

लहानपणी घरात सोसलेल्या गोष्टींचंही तसंच. सॅन दिएगोतल्या सतरा हजारांहून अधिक प्रौढांना फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी बालपणाविषयी विचारलं. त्याचा पहिला अहवाल १९९८ साली आला. ही माणसं विमा असलेली, बहुतेक शिकलेली, आपल्या भाषेत ‘बऱ्या घरची’. ज्यांनी मारहाण, छळ, घरातलं व्यसन, घरातल्या कुणाचा मानसिक आजार असे चार किंवा जास्त प्रकार सोसले होते, त्यांच्यात दारू, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त निघाला.

बीडची ऊसतोड तुम्ही जवळून पाहिली असेल. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, पहाटे फडात, पोर उसाच्या पाचटावर निजवलेलं. गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं तिथल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या सुमारे १४ हजार जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, दुखणं अंगावर काढायचं, मग एकदाच काय ते काढून टाकायचं. या बायकांइतक्या कणखर बायका मी पाहिलेल्या नाहीत. पण कष्टानं माणूस मजबूत होत असता तर यांच्यासारखं धडधाकट महाराष्ट्रात कुणीच नसतं. दर हंगामी तेच, सुटका नाही, आपल्या हातात काही नाही. असे कष्ट माणसाला झिजवतात.

मग लेकराला काहीच सोसू द्यायचं नाही का? असं मी म्हणत नाही. स्टॅनफर्डमध्ये माकडांच्या पिल्लांवर एक अभ्यास झाला. आठवड्यातून एकदा, एक तास, असं दहा आठवडे पिल्लाला आईपासून आणि कळपापासून दूर ठेवलं. ती पिल्लं पुढं नव्या जागी कमी बिचकली, जास्त फिरली. पण तास संपला की पिल्लू आईकडे परत जात होतं, हे विसरू नका. बाकी सहा दिवस तेवीस तास ते आईपाशीच होतं. मी पालकांना हे अगदी आकड्यासकट सांगते, कारण बरेच जण ‘थोडा त्रास चांगला’ एवढंच ऐकतात आणि ‘थोडा’ सोयीनं विसरतात.

आपल्याकडे हे कर्मवीर भाऊराव पाटलांना पक्कं ठाऊक होतं. १९१९ साली कराडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या वसतिगृहातली पोरं स्वतः राबायची, शेतात काम करायची, ‘कमवा आणि शिका’ हा तर त्यांचा मंत्रच. पण त्या पोरांच्या डोक्यावर छप्पर होतं, ताटात भाकरी होती. एकदा वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. पोरांना कष्ट पडले, पण उपाशी ठेवून कुणी त्यांची परीक्षा घेतली नाही. दिवसभर राबून निजायला जाताना आपल्यामागं अण्णा आहेत, वहिनी आहेत हे त्यांना माहीत होतं.

तुम्ही बाबासाहेबांचं उदाहरण दिलंय, म्हणून त्याबद्दल लिहिते. वर्गाबाहेर बसवलं, पाणी मिळालं नाही, तरी ते एवढे मोठे झाले. हे खरंच आहे. पण रामजी सकपाळांना चौदा अपत्यं झाली आणि जगली पाच. बाबासाहेबांच्या स्वतःच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली, यशवंतराव तेवढे राहिले. ज्या गरिबीनं बाबासाहेबांना घडवलं असं आपण म्हणतो, तिनं त्याच घरातून किती जणांना नेलं ते आपण मोजत नाही. घडण्यामागं रामजींचा हट्ट होता, केळुसकर गुरुजी होते, १९१३ साली कोलंबियाला जायला बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती. आणि पुढं बाबासाहेबांनी काय केलं ते पाहा. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालय. मी भोगलं तसं भोगून मोठे व्हा, असं त्यांनी पुढच्या पोरांना सांगितलं नाही. त्यांच्यासाठी कॉलेजं काढली.

तुमच्या स्वतःच्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही, सर. मोठं दुःख पचवल्यावर आपण बदललो, जवळची माणसं जास्त कळली, फालतू गोष्टींची भीती गेली, असं पुष्कळ जण सांगतात आणि त्यात त्यांना आधार असतो. तो काढून घ्यायचा मला अधिकार नाही. पण बदलल्यासारखं वाटणं आणि बदलणं या दोन गोष्टी दर वेळी जुळत नाहीत. अमेरिकेत पॅट्रिशिया फ्रेझियर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली काही विद्यार्थ्यांची आघाताआधीची आणि नंतरची मोजमापं लावून पाहिली. ज्यांना ‘मी खूप वाढलो’ असं वाटत होतं, त्यांच्या मोजमापात तशी वाढ दिसेलच असं नव्हतं. स्वतःच्या दुःखाला माणसानं अर्थ द्यावा. मात्र तोच अर्थ औषध म्हणून दुसऱ्याला, त्यातही सोळा वर्षांच्या लेकराला, देता येत नाही. आणि तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की आजही पहाटे चारच्या सुमारास जाग येते आणि मग झोप लागत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ. तेही भूकंपानंच दिलंय. यावर उपचार आहेत आणि या वयातही त्यांचा उपयोग होतो. मुलाचं मार्गी लागलं की स्वतःसाठी एकदा या.

आता लातूरचं.

ट्यूशन एरियातली पोरं माझ्याकडे दर आठवड्याला येतात. नव्या गावात पहिले तीन-चार आठवडे रडू येणं, घर आठवणं हे सगळ्यांचंच होतं आणि बहुतेकांचं जातं. तुमच्या मुलाचं उलट आहे. जून ते दिवाळी तो राहिला, आणि आता बिघडतंय. जेवण तुटलंय, रोज रात्री रडतोय. याला मी सोसणं म्हणत नाही, हे आजारपणाच्या दिशेनं चाललंय. कारण काहीही असू शकतं: टेस्टमध्ये मागं पडल्याची लाज, खोलीतल्या जोडीदाराचा त्रास, कुणी छळत असेल, किंवा आधीच सुरू झालेलं नैराश्य. जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही.

जाताना त्याच्या आईच्या हातचा डबा न्या. खोलीवर बसून बोलू नका, भिंतीपलीकडे पोरं असतात. त्याला बाहेर घेऊन जा, चालत चालत बोला. मुलं समोरासमोर बसून सांगत नाहीत, शेजारून चालताना सांगतात. मार्कांचं रविवारपर्यंत काढूच नका. झोप किती लागते, रात्री कितीला उठतो, मेसमध्ये कुणाबरोबर जेवतो, क्लासला न जाता खोलीत पडून राहतो का, हे विचारा. क्रिकेट किंवा जे काही त्याला आवडायचं ते सुटलंय का, ते बघा. आणि एक प्रश्न सरळ विचारा, घाबरू नका: “कधी जगू नये असं वाटतं का?” विचारल्यानं डोक्यात भलतं येतं, हा गैरसमज आहे. बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘मी तुमच्यावर ओझं आहे’ असं काही बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी घेऊन निघा आणि कुठल्याही मानसोपचार डॉक्टरला दाखवा. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तसं काही नसेल, तर निर्णय त्याच्यासमोर ठेवा. महिनाभर घरून ये-जा, किंवा क्लास बदलणं, किंवा यंदा घरी राहून पुढच्या जूनला पुन्हा, किंवा नीट नकोच. ‘तू काय करायचं ते मीच ठरवतो’ आणि ‘जा, तुझं तू बघ’, ही दोन्ही टोकं टाळा. तो लातूरलाच राहायचं म्हणाला, तर दर पंधरा दिवसांनी तुम्ही किंवा त्याची आई जाणार हे तारखांसकट ठरवा, आणि त्या तारखा चुकवू नका. ज्या पोराला माहीत असतं की येत्या शनिवारी कुणी येणार आहे, त्याला मधले दिवस काढता येतात.

‘आम्ही तुझ्या वयात’ हे वाक्य मात्र यावेळी नको. त्याला भूकंप ऐकून ऐकून पाठ झाला असेल. त्या भूकंपापुढं स्वतःची रडारड त्याला आधीच लाजिरवाणी वाटत असणार. त्याऐवजी त्यानं कधी न ऐकलेलं सांगा. मामांच्या घरी पहिल्या रात्री तुम्हाला कुठं निजवलं होतं, मामींनी काय वाढलं होतं, नव्या शाळेत पहिल्या दिवशी कोण बरोबर आलं होतं, तुम्ही रडलात तेव्हा मामांनी काय केलं होतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणजे बहुधा तुम्ही हे घरीही कधी बोलला नाहीत. मामा हयात असतील तर त्यांनाही बरोबर न्या.

सोमवारी सकाळी मला फोन करा. मी ओपीडी सुरू व्हायच्या आधी, साडेनऊपर्यंत मोकळी असते.